पन्नास हजारांतला डेस्कटॉप : सदाशिव पेठेतल्या एका घराचं प्रकरण

घरात कॉम्प्युटरवर बसणारी माणसं दोन, आणि दोघांची कामं अगदी वेगळी. काकू बरीच वर्षं घरूनच डीटीपी करतात. छोट्या प्रकाशकांची पुस्तकं, दिवाळी अंकांची पानं, लग्नसराईत पत्रिका. हत्यारं जुनीच : पानं लावायचं पेजमेकर ७ आणि डोंगल (यूएसबीत खोचायची परवान्याची किल्ली) लावल्याशिवाय न उघडणारं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर. मुलगा बारावी संपवून मेकॅनिकलच्या प्रवेशाच्या रांगेत. त्याला कॅड (यंत्रांची चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) हवं, थोडं प्रोग्रॅमिंग हवं आणि रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट हा गेम हवा. मधोमध विंडोज ७च्या काळातलं मशीन : ड्युअल कोअर, ४ जीबी डीडीआर३ रॅम, आणि चालू होईपर्यंत चहा होऊन कपबशा विसळूनही होतात.

बजेट पन्नास हजार. मॉनिटर, यूपीएस सगळं धरून. विंडोजचं लायसन्स काकूंनी यातून वगळलं : "ते माझ्या धंद्याच्या खर्चात. माझं पोट त्यावर आहे, मला चोरीचं नको." त्यामुळे तो प्रश्न तिथेच मिटला.

काळ मे-जून २०२४चा. पुढचे आकडे तेव्हाच्या पुण्यातल्या भावांचे, जीएसटी धरून, जवळच्या पन्नासावर आणलेले. आज ते तसेच मिळतील असं कोणी समजू नये.

दुकानातून आलेलं कोटेशन

मी यात पडण्याआधी मुलाने टिळक रोडच्या बाजूच्या एका दुकानातून कोटेशन आणलं होतं. कोअर आय-५ १२४००एफ प्रोसेसर १२,०००, एच६१० मदरबोर्ड ६,२००, १६ जीबीची एक रॅम ३,३००, १ टीबी एसएसडी ५,५००, रंगीत दिव्यांचा गेमिंग कॅबिनेट एसएमपीएससकट (मशीनला वीज पुरवणारा डबा) ३,८००, जीटी ७३० चार जीबी ग्राफिक्स कार्ड ५,२००, बावीस इंची मॉनिटर ८,०००, कीबोर्ड-माऊस १,२००. एकूण ४५,२००. जोडणी फुकट. यूपीएस "नंतर घ्या".

वरवर बघता उत्तम सौदा. आय-५ आहे, सोळा जीबी आहे, एक टीबी आहे, ग्राफिक्स कार्डसुद्धा आहे आणि वर पाच हजार शिल्लक. दुकानदार लबाड होता असंही नाही. गिऱ्हाईक दारात येऊन "प्रोसेसर कुठला, किती जीबी" एवढंच विचारतं, म्हणून कोटेशनही त्याच दोन प्रश्नांची उत्तरं देतं. एसएमपीएसच्या रकान्यात कंपनीचं नाव नव्हतं आणि ते कोणी विचारलंही नव्हतं.

आता हेच कोटेशन उघडून बघू.

प्रोसेसरच्या नावातल्या 'एफ'चा अर्थ असा की त्यात अंगचं ग्राफिक्स नाही. कार्ड लावल्याशिवाय मॉनिटरवर काही उमटणारच नाही. म्हणून जीटी ७३० यादीत घुसलं. हे कार्ड २०१४ सालचं. खोक्यावरचे 'चार जीबी' म्हणजे फक्त मेमरीचं आकारमान; ती मेमरी बहुतेक वेळा जुनी संथ डीडीआर३ असते. त्या पिढीच्या कार्डांना नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं एनव्हिडियाने २०२१मध्येच थांबवलं. म्हणजे ५,२०० रुपये देऊन मुलाचा गेम धड चालणार नाही आणि काकूंना त्याचा काहीच उपयोग नाही. 'एफ' नसलेला साधा १२४०० त्या वेळी तीनेक हजारांनी महाग होता. तो घेतला तर कार्डाचे ५,२०० सुटतात. नुसत्या एका अक्षराने दोन हजार वाचतात, आणि वर अंगचं ग्राफिक्स त्या कार्डाहून धड मिळतं.

दुसरी गोष्ट रॅमची. सोळा जीबीची एकच पट्टी घेतली की मेमरी एकाच चॅनलवर चालते. वेगळं कार्ड असेल तर फारसं बिघडत नाही. अंगच्या ग्राफिक्सला मात्र रॅम हीच त्याची मेमरी, त्यामुळे ८+८ लावल्यावर जो वेग मिळतो तो एका पट्टीवर मिळत नाही. फरक डोळ्यांना दिसण्याइतका असतो.

तिसरी गोष्ट एसएमपीएसची, आणि मला सगळ्यात जास्त खटकली ती हीच. कॅबिनेटबरोबर येणाऱ्या एसएमपीएसवर ठळक '४५०' लिहिलेलं असतं. त्याच्या अंगावरचं लेबल मात्र कोणी वाचत नाही. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही आपली वीज १२ व्होल्टच्या रेलवरून घेतात, म्हणून तिथला ॲम्पिअरचा आकडा बघायचा आणि बाराने गुणायचा. दुकानातल्या नमुन्यावर १६ ॲम्पिअर होतं. सोळा बारं एकशे ब्याण्णव. म्हणजे ४५० म्हणवणाऱ्या डब्यातून कामाची वीज दोनशे वॅटही नाही. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर हाच आकडा चाळीसच्या पुढे असतो. मुलाला मी तिथेच मोबाइलवर गुणाकार करायला लावला. त्यानंतर दिव्यांच्या कॅबिनेटचा विषय त्याने स्वतःच सोडला.

पैसे कुठे घालायचे

त्या कोटेशनची गोम अशी की जे पुढे सहज वाढवता येतं त्यात पैसे भरले होते आणि जे पुढे बदलायला सगळं मशीन उघडावं लागतं तिथे वाचवले होते. एसएसडी दुसरी लावायची तर एक स्क्रू. रॅम वाढवायची तर दोन खटके. ग्राफिक्स कार्ड नंतर बसवायला दहा मिनिटं. मदरबोर्ड बदलायचा म्हणजे मात्र सगळं काढून पुन्हा लावायचं, आणि एसएमपीएस बदलायचा म्हणजे प्रत्येक वायर पुन्हा ओढायची. आम्ही यादी या अंगाने उलटी केली : बोर्ड, एसएमपीएस आणि मॉनिटर हे तीन आधी ठरवायचे, उरलेल्या पैशांत बाकीचं बसवायचं, आणि जे बसणार नाही त्यासाठी जागा मोकळी ठेवायची.

मुलाचा चेहरा उतरला. "दादा, म्हणजे कार्ड नाहीच?"

"आत्ता नाही. कार्डाची जागा आणि कार्डाची वीज आत्ता घेऊन ठेवू. कार्ड तू घे."

प्रोसेसरवर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. खरे पर्याय तीन. एकट्या काकूंचं मशीन असतं तर आय-३ १२१०० घेऊन मी मोकळा झालो असतो; चार कोअर, आठ थ्रेड, पेजमेकर आणि फोटोशॉपच्या घरगुती कामाला भरपूर. आय-५ १२४०० नुसत्या प्रोसेसर म्हणून बघितला तर तिघांत सरस. पण त्यातलं यूएचडी ७३० ग्राफिक्स व्हॅलोरंटला कसंबसं पुरतं, आणि बी६६०चा बरा बोर्ड धरला की जोडी चार-पाच हजारांनी वर जाते. तिसरा रायझन ५ ५६००जी : सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॅट, अंगचं व्हेगा ग्राफिक्स, खोक्यात पंखा. भाव १२,०००. कार्ड न घेता मुलाचा गेम १०८०पी-वर कमी-मध्यम सेटिंगला नीट चालवेल असा या भावात हाच होता.

५६००जीची उणी बाजू मी दोघांनाही सांगितली. त्याच्या पोटातलं कॅश, म्हणजे झटपट मेमरी, साध्या ५६००च्या निम्मं, ३२ऐवजी १६ एमबी. आणि बोर्ड कितीही चांगला घेतला तरी हा प्रोसेसर पीसीआय एक्स्प्रेसची, म्हणजे कार्डाशी जोडणाऱ्या रस्त्याची, तिसरी पिढीच देतो. पुढे कार्ड लावताना याचा अर्थ असा की फक्त चार लेनवर चालणारी स्वस्त कार्डं, उदाहरणार्थ आरएक्स ६५०० एक्सटी, इथे चांगलाच मार खातात. आठ लेनची कार्डं थोडक्यात निभावतात. ज्याला पहिल्या दिवशीच कार्ड घ्यायचंय त्याने ५६००जीच्या वाटेला जाऊ नये. साधा ५६०० घ्यावा. इथे कार्ड वर्ष-दीड वर्ष लांब होतं, म्हणून हा सौदा पटला.

एएम५ हा तेव्हाचा नवा सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा), २०२२च्या सप्टेंबरात आलेला. त्याला डीडीआर५ रॅमच लागते आणि बोर्डही महाग. पन्नास हजारांत तो बसत नव्हता. ५६००जीचा सॉकेट एएम४, तो म्हातारा झालाय हे खरं, पण म्हणूनच त्याचे आठ कोअरचे प्रोसेसर पुढे स्वस्तात, वापरलेलेही, मिळतात. बोर्ड तोच ठेवून प्रोसेसर बदलता येतो.

कीबोर्डामुळे ठरलेला बोर्ड

बोर्ड बी५५० जातीचा हे ठरलं होतं. त्यातला कुठला, हे ठरवलं काकूंच्या कीबोर्डाने. तो गोल पिनेचा, पीएस/२ जातीचा. अक्षरं पुसून गेलेली, पण काकूंची बोटं त्याच्यावर चालतात आणि दुसऱ्यावर अडतात. "बाकी काय हवं ते बदल, हा नाही बदलायचा." कन्व्हर्टर लावता आला असता, पण जुन्या कीबोर्डाबरोबर कन्व्हर्टर कधी चालतो, कधी रुसतो. मागच्या बाजूला पीएस/२चं भोक असलेले बोर्ड अजूनही निघतात, तेव्हा तेच बघितलं. शिवाय रॅमच्या चार खाचा, एसएसडीसाठी एम.२च्या दोन जागा, प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागावर ॲल्युमिनियमचं आच्छादन आणि मागे बायोस (मशीन सुरू होताना चालणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) फ्लॅशबॅकचं बटण. हे बटण असलं की बोर्ड दुकानात जुन्या बायोससह पडून असला तरी प्रोसेसर न लावता पेनड्राइव्हवरून बायोस नवा करता येतो. एएम४सारख्या जुन्या सॉकेटचा बोर्ड घेताना ही सोय असावीच. भाव ९,५००. कोटेशनमधल्या बोर्डापेक्षा ३,३००नी जास्त, आणि यादीतला माझा सगळ्यात आवडता खर्च.

मॉनिटरचा हिशेब काकूंनी स्वतः पट्टी घेऊन केला. बावीस इंचीच्या पडद्याची उंची जेमतेम सत्तावीस सेंटिमीटर. चोवीस इंचीची तीसच्या आत-बाहेर. ए४ कागद २९.७ सेंटिमीटर उंच. म्हणजे चोवीस इंचीवर पान जवळजवळ खऱ्या आकारात दिसतं आणि रुंदी त्रेपन्नच्या आसपास असल्याने समोरासमोरची दोन पानंही शेजारी बसतात. डीटीपी करणाऱ्याला याहून वेगळं कारण लागत नाही. आयपीएस पॅनल, १०८०पी, ८,७००. मुलाला १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, हवा होता. १००वर समेट झाला.

अर्थिंग

हा भाग कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो. जुन्या मशीनच्या कॅबिनेटला उघड्या पायाने हात लावला की मुंग्या येत. घरातल्यांनी ते सवयीने स्वीकारलं होतं. कारण सोपं आहे : एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी बारीक कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून बॉडीला जोडलेले. अर्थिंग असेल तर हा किंचितसा प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेट मुख्य विजेच्या निम्म्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतं. प्रवाह अगदी कमी म्हणून माणूस वाचतो. पण तोच दाब यूएसबीच्या धातूच्या कडेवरही असतो, आणि तिथे काकूंचं डोंगल लागतं. ते बिघडलं तर धंदा बंद.

वायरमन बोलावला. सॉकेटमधल्या तिसऱ्या पिनेला मागे वायरच नव्हती. इमारतीला अर्थिंग होतं, या खोलीपर्यंत कोणी आणलं नव्हतं. तापकीर गल्लीतून वायर आणि नवा सॉकेट आणून, मजुरीसकट १,२०० रुपये. मी हा खर्च पन्नास हजारांतच धरला, कारण त्याशिवाय चांगला एसएमपीएस घेऊन अर्धा उपयोग.

एसएमपीएस ५५० वॅट, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र), पाच वर्षांची वॉरंटी, ४,३००. या मशीनला आज दीडशे वॅटही लागत नाहीत. पण पुढे येऊ शकणारं मध्यम कार्ड सव्वाशे-दीडशे वॅट खातं, आणि ५५०मध्ये ते ऐसपैस बसतं. त्याहून मोठा घेण्यात अर्थ नव्हता.

यूपीएसबद्दल दोघांनाही वाटत होतं की तो नंतर घेता येईल. पुण्यात गुरुवारी महावितरणची देखभालीची कामं निघतात, ती आधी कळवलेली असतात. त्रास होतो तो पावसाळ्यातल्या क्षणभराच्या झटक्यांचा. पेजमेकरमध्ये सेव्ह न केलेलं काम एका झटक्यात जाऊ शकतं, हे काकूंना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ६०० व्हीएचा यूपीएस, प्रत्यक्ष ३६० वॅट, ३,३००. मॉनिटरसकट शंभर वॅटच्या भाराला नवी बॅटरी पंधरा मिनिटं आरामात देते. या वर्गातले यूपीएस बॅटरीवर शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे मुख्य विजेसारखी गुळगुळीत लहर, देत नाहीत, आणि चांगल्या एसएमपीएसना जास्त भारावर ते कधी कधी पचत नाही. आजच्या भाराला अडचण नाही. कार्ड आलं की हा मुद्दा पुन्हा उघडावा लागेल, हे त्याच वेळी लिहून ठेवलं.

उरलेलं पटकन : रॅम ८+८ जीबी डीडीआर४ ३२००, ३,४००. एसएसडी ५०० जीबी एनव्हीएमई, ३,२००. काकूंच्या जुन्या पुस्तकांची हार्ड डिस्क तपासून तीच नव्या मशीनमध्ये जोडली, आणि तिची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर. पुढे जाळी असलेलं साधं कॅबिनेट २,९००. पेठेतली तळमजल्याची खोली म्हणजे धूळ येणारच, म्हणून जाळीमागे काढून धुता येणारा फिल्टर हवाच. माऊस ४५०. वायरमन धरून बेरीज ४८,९५०.

मुंबईला लॅमिंग्टन रोडवर काही गोष्टी स्वस्त मिळतील असं एका नातेवाइकाने सुचवलं. मिळाल्याही असत्या. पण वॉरंटीसाठी वस्तू परत न्यायची वेळ आली तर सगळी बचत गाडीभाड्यात जाणार. सगळं पुण्यातच घेतलं, प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर बिलावर लिहून घेतला. खोक्याशिवायचा 'ट्रे' प्रोसेसर थोडा स्वस्त मिळत होता. त्यात पंखा नसतो आणि वॉरंटी विकणाऱ्याच्या तोंडची, म्हणून नको म्हटलं.

आधी डोंगल, मग खरेदी

एक काम आम्ही पैसे देण्याआधी केलं. काकूंच्या बहिणीच्या विंडोज ११च्या लॅपटॉपवर पेजमेकर आणि फॉन्टचं सॉफ्टवेअर टाकून बघितलं. पेजमेकर ७ आलं २००१मध्ये. आजच्या विंडोजवर ते चालेलच असं गृहीत धरणं वेडेपणाचं. डोंगलचा जुना ड्रायव्हर विंडोजने नाकारला, नवा मिळाला, तो चालला. पेजमेकर कम्पॅटिबिलिटी मोडमध्ये उघडलं आणि एका जुन्या पुस्तकाची पानं जशीच्या तशी आली. हे जमलं नसतं तर जुनं मशीन इंटरनेट तोडून चालूच ठेवायचं आणि नवं फक्त मुलासाठी घ्यायचं, असा पूर्ण वेगळा हिशेब मांडावा लागला असता.

जोडणी मुलाने केली, मी शेजारी बसून बघितलं. एएम४च्या प्रोसेसरला खाली बारीक पिना असतात, त्या वाकल्या की वॉरंटी गेली; तेवढी एक जागा सोडली तर घाबरण्यासारखं काही नसतं. दोन गोष्टी लोक विसरतात. दोन पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावायच्या, लागोपाठ नाही. आणि बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करायचं. नाहीतर ३२००ची रॅम कमी वेगावर निवांत चालत राहते आणि कोणाला पत्ता लागत नाही. टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सोयी चालू आहेत ना, तेही तिथेच बघून घेतलं. विंडोज ११वर व्हॅलोरंटला दोन्ही लागतात.

त्यानंतर

काकूंनी त्या वर्षीचे दिवाळी अंक याच मशीनवर लावले. त्यांची एकच तक्रार आली : पेजमेकरचे मेनू नव्या पडद्यावर बारीक दिसतात. स्केलिंग वाढवून ते बरं झालं, पूर्ण गेलं नाही. मुलाचा गेम चालतो. कॅडचं पहिल्या वर्षाचं काम त्याला जड गेलं नाही.

हिशेब हलला तो रॅमचा. आमचा बेत होता की दोन खाचा मोकळ्या आहेत, लागेल तेव्हा आणखी ८+८ घेऊ, तोवर आणखी स्वस्त होईल. २०२५च्या उत्तरार्धात उलटंच झालं. डेटा सेंटरांची मागणी वाढली, मेमरी बनवणाऱ्या कंपन्या डीडीआर४मधून हात काढू लागल्या, आणि भाव चढत गेले. 'सहज वाढवता येणारी' वस्तू 'स्वस्तात वाढवता येणारी' असेलच असं नाही, हे या प्रकरणात रॅमने दाखवलं. एसएसडीलाही त्याची झळ लागलीच.

आता मुलाकडे शिकवण्यांतून साठवलेले थोडे पैसे आहेत आणि त्याचा प्रश्न आहे : आधी रॅम की आधी कार्ड? मी कार्ड म्हणतोय. आठ लेनचं, दीडशे वॅटच्या आतलं, वापरलेलं असलं तरी बिल असलेलं. व्हेगा ग्राफिक्स आज रॅममधलाच वाटा खातं. कार्ड आल्यावर तो मोकळा होईल आणि १६ जीबी थोडे दिवस आणखी ओढतील. पण त्याआधी त्याला एक काम दिलंय. कॅडमधली असेंब्ली (अनेक भाग जोडलेलं चित्र) उघडी ठेवून, शेजारी ब्राउझर चालू ठेवून, आठवडाभर टास्क मॅनेजरमधला मेमरीचा आकडा टिपायचा. तो सारखा नव्वद टक्क्यांच्या वर जात असेल तर माझं म्हणणं बाजूला ठेवून रॅमच घ्यायची, आणि नवी महाग वाटली तर कोणाच्या तरी जुन्या मशीनमधली ८+८ची जोडी शोधायची.